‘किंग साईझ’ हे गादीचे नाव, पलंगाचे माप नव्हे

मा. संपादक महोदय,

दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर आपल्या शहरात अनेक कुटुंबे नव्या घराची किल्ली घेतात आणि त्या घरात पहिली मोठी वस्तू येते ती बहुधा पलंग. पाथर्डी फाटा असो, म्हसरूळ असो की आडगाव, नव्या इमारतीतील शयनगृहात पलंग ‘किंग साईझ’च हवा, असा आग्रह आता सर्रास दिसतो. त्या आग्रहाला माझा विरोध नाही. परंतु हा शब्द उच्चारताना दुकानदाराच्या मनात एक माप असते आणि गिऱ्हाइकाच्या मनात दुसरे, आणि या दोहोंतील फरकाचा भुर्दंड गिऱ्हाइकालाच सोसावा लागतो, हे आपल्या पत्राद्वारे वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे लिहीत आहे.

सातपूरच्या एका कारखान्यात मी 31 वर्षे यंत्रभागांचे आराखडे काढण्याचे काम केले. मापाच्या बाबतीत आपण फसणार नाही, अशी माझी समजूत होती. ती गेल्या वर्षी मोडली. मुलाच्या खोलीसाठी पलंग घ्यायला आम्ही सगळे मिळून एका दुकानात गेलो. पलंगावरच्या चिठ्ठीवर ‘किंग साईझ, 6 बाय 6.5’ असे लिहिलेले होते आणि आमची खोली माहितीपत्रकानुसार 10 बाय 11 फूट. दहातून सहा गेले, चार उरले, दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट मिळाले, असा तोंडी हिशेब करून मी मोकळा झालो. पलंग घरी येऊन जोडून झाल्यावर टेप लावली, तेव्हा तो 78 इंच रुंद आणि 89 इंच लांब भरला.

चिठ्ठीवरचे माप खोटे नव्हते, पण ते पलंगाचे नव्हतेच. गादी जेथे बसते त्या आतल्या जागेचे ते माप होते, म्हणजे 72 बाय 78 इंच. दोन्ही बाजूंच्या कापड लावलेल्या गुबगुबीत पाट्या प्रत्येकी 3 इंचांच्या, पायथ्याची पाटी 2 इंचांची आणि उशाकडे पुस्तके-मोबाईल ठेवण्यासाठी केलेला कप्प्यांचा हेडबोर्ड 9 इंच खोल. शिवाय, गिलावा आणि भिंतीलगतची फरशीची पट्टी धरून मोजल्यावर आमची 10 बाय 11 ची खोली प्रत्यक्षात 118 बाय 129 इंच निघाली. लांबीतून पलंगाचे 89 आणि समोरच्या कपाटाचे 24 इंच वजा केले, तर 16 इंच उरतात. कपाटाची दारे 18 इंचांची. ती आता अर्धवट उघडून पलंगाला टेकतात आणि सूनबाईंना साडी काढायची असेल, तर पलंगावर उभे राहून दाराच्या फटीतून हात घालावा लागतो. तक्रार करायला गेलो, तेव्हा दुकानदार शांतपणे म्हणाले, ‘काका, तुम्ही किंग मागितला, आम्ही किंग दिला.’ त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होते. आता त्या कपाटाला सरकती दारे बसवून घेत आहोत.

मुळात ‘किंग’ या शब्दालाच ठरावीक माप नाही. आपल्याकडे 72 बाय 78 इंचांची गादी या नावाने सर्वाधिक विकली जाते, परंतु 72 बाय 75 आणि 72 बाय 72 ची गादीही याच नावाखाली मिळते. अमेरिकेत किंग म्हणजे 76 बाय 80 इंच. ब्रिटनमध्ये किंग फक्त 5 फूट रुंद असतो, म्हणजे आपल्या दुकानांत ज्याला ‘क्वीन’ म्हणतात तेवढा; तेथील राजा आपल्याकडे येऊन राणी होतो, असे म्हणायला हरकत नाही. त्यामुळे पलंग एका दुकानातून आणि गादी दुसरीकडून मागवणाऱ्यांची हमखास फसगत होते. 75 इंचांच्या चौकटीत 78 ची गादी दाबून बसवली, तर ती मधे फुगते आणि उलट केले, तर पायथ्याशी तीन इंचांची खाच राहते, ज्यात चादर, चार्जर आणि नातवंडांची खेळणी नियमितपणे गडप होतात.

खोलीच्या बाजूनेही थोडा हिशेब मांडतो. राष्ट्रीय इमारत संहितेत घरातील निदान एका राहण्याच्या खोलीसाठी किमान 9.5 चौरस मीटर क्षेत्रफळ आणि किमान 2.4 मीटर रुंदी सांगितली आहे. 9.5 चौरस मीटर म्हणजे सुमारे 102 चौरस फूट. आमच्यासारखा 78 बाय 89 इंचांचा पलंग एकटाच 48 चौरस फूट अडवतो, म्हणजे अशा खोलीची जवळजवळ निम्मी जमीन. रुंदी नेमकी 2.4 मीटर असेल, तर दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच उरतात आणि तेथून माणूस आडवा होऊन सरकतो. पलंगाच्या बाजूने सहज चालता यावे, चादर घालता यावी आणि केर काढता यावा, यासाठी निदान 24 इंच, आणि घरात गुडघेदुखीचे कोणी असेल तर 30 इंच मोकळे ठेवावेत, असे माझे मत आहे. एवढी जागा निघत नसेल, तर 5 फुटी पलंग घेण्यात काहीही कमीपणा नाही.

याच संदर्भात बांधकाम व्यावसायिकांनाही विनंती करावीशी वाटते. माहितीपत्रकातील नकाशात पलंग नेहमी सुबक दिसतो, दोन्ही बाजूंना मेजे असतात आणि समोर प्रशस्त जागा असते. पण त्या चित्रातला पलंग किती इंचांचा आहे, हे कोठेही लिहिलेले नसते. मी आमच्या नकाशावर पट्टी ठेवून पाहिले, तर त्यातील पलंग जेमतेम 5 बाय 6 फुटांचा निघाला. पलंगाच्या चित्रात त्याची मापे लिहिली, तर कागदावर एक ओळ वाढेल, एवढेच. विजेच्या बटणांचे फलकही बहुतेक ठिकाणी 5 फुटी पलंग गृहीत धरून बसवलेले असतात. त्यामुळे किंग पलंग आला की बटणे हेडबोर्डच्या मागे जातात आणि दिवा मालवायला उठून दारापर्यंत जावे लागते. उत्तरेकडे डोके नको, हा घरातील ज्येष्ठांचा नियम पाळायचा असेल, तर पलंग दुसऱ्या भिंतीला लावण्याची सोयही या फलकांमुळे उरत नाही.

ही सगळी मापे जमली, तरी पलंग खोलीपर्यंत पोहोचायला हवा. आमच्या इमारतीत सहा व्यक्तींची, 408 किलो क्षमतेची लिफ्ट आहे. अशा लिफ्टची आतली खोली साधारण एक मीटर असते आणि हेडबोर्ड होता 6.5 फूट लांब व 4 फूट उंच. उभा करून पाहिला, तिरपा करून पाहिला. अखेर चार हमालांनी तो जिन्याने पाचव्या मजल्यावर चढवला आणि प्रत्येक वळणावर भिंतीचा रंग खरवडला गेला. त्याची जादा मजुरी आम्ही दिली, कारण बिलावर ‘लिफ्टने पोहोच’ असे बारीक अक्षरांत छापलेले होते. पंचवटीतील किंवा जुन्या नाशकातील वाड्यांत राहणाऱ्यांना तर अरुंद जिने आणि ठेंगण्या चौकटींचा विचार आधीच करावा लागतो. तेथे अजूनही सुताराला घरी बोलावून खोलीतच पलंग तयार करून घेतात. तो सुतार आधी खोली सुतासुताने मोजतो आणि मगच लाकडाला हात लावतो, ही पद्धत मला आज अधिक शहाणपणाची वाटते.

लाकडाविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण मापाखालोखाल गोंधळ तेथे होतो. ‘शिसव’ म्हटले की आपल्या मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर काळपट, जड, आजोबांच्या काळचे लाकूड येते. दुकानात ‘शीशम’ म्हणून जे मिळते, ते उत्तर भारतातील वेगळ्या झाडाचे, त्याच कुळातले, पण फिकट तपकिरी लाकूड असते. ते वाईट नाही, चांगले टिकते, परंतु ते शिसव समजून दाम मोजणे योग्य नाही. ‘इंजिनिअर्ड वूड’ हा शब्द तर इतका सैल आहे की, त्यात प्लायवूडपासून भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डापर्यंत सर्व काही मावते. पार्टिकल बोर्डात स्क्रू एकदा बसला की बसला. घर बदलताना पलंग सोडवून पुन्हा जोडला, की भोके सैल होतात आणि पलंग कुरकुरू लागतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. प्लायवूड असेल, तर त्यावर भारतीय मानक ब्युरोचा आय.एस. 303 किंवा आय.एस. 710 हा क्रमांक आहे का, ते पलंगाची फळी उचलून पाहावे. 303 हा सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडचा आणि 710 हा मरीन, म्हणजे पाण्याला अधिक टिकणाऱ्या, प्लायवूडचा क्रमांक आहे. वरून सनमायका लावल्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

सहा फूट रुंदीच्या पलंगाला मधला आधार अत्यावश्यक असतो. दोन माणसे, मधे झोपलेले मूल आणि गादीचे वजन हे सगळे केवळ कडेच्या पाट्यांवर पेलले जात नाही. मधोमध एक तुळई आणि तिला जमिनीपर्यंत जाणारा निदान एक पाया हवाच. दुकानात पलंगावर बसून पाहण्यापेक्षा वाकून खाली पाहावे, लोक हसले तरी चालेल. पट्ट्यांचा पलंग असेल, तर दोन पट्ट्यांमधील अंतर तीन इंचांपेक्षा जास्त नसावे, अन्यथा फोमची गादी त्या फटींत उतरते.

सध्या सर्वांना हवा असतो तो हायड्रॉलिक साठवणीचा पलंग. लहान घरात रजया, पाहुण्यांच्या उशा आणि सिंहस्थात येणाऱ्या नातेवाइकांसाठी जपलेली अंथरुणे ठेवायला तो उपयोगी पडतो, हे खरे. तथापि, त्याचे झाकण, म्हणजे वरची फळी, गादीसकट वर उचलणाऱ्या वायूच्या दांड्या ठरावीक वजनासाठी असतात. हलकी गादी गृहीत धरून बसवलेल्या दांड्यांवर जड लॅटेक्सची गादी टाकली, तर झाकण वर राहत नाही आणि नेमके वाकून आत डोकावताना ते खाली येऊ शकते. खरेदी करताना गादीचे वजन दुकानदाराला सांगावे. दुसरे असे की, चारी बाजूंनी बंद असलेल्या पेटीत हवा खेळत नाही आणि आपल्याकडच्या आषाढ-श्रावणातील ओलाव्यात आतल्या रजयांना कुबट वास येतो. ज्यांच्या घरी अजून कापसाची गादी वापरतात, त्यांच्यासाठी तर पट्ट्यांचा उघडा पलंगच बरा. आणि सहा फुटी एकच कापसाची गादी करण्याऐवजी तीन-तीन फुटांच्या दोन कराव्यात, म्हणजे गच्चीवर उन्हात टाकताना दोन माणसांत काम भागते. किंग पलंग हा शेवटी तीन फुटी दोन खाटांची जोडणीच आहे.

आता मागणी. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 नुसार ज्या वस्तूच्या बाबतीत आकार महत्त्वाचा असतो, तिच्या वेष्टनावर मापे द्यावी लागतात आणि सुट्या भागांची मापे वेगवेगळी असतील, तर प्रत्येक भागाचे माप द्यावे लागते. खोक्यात बंद होऊन येणाऱ्या पलंगांना हा नियम लागू पडतो. दुकानात उघडा मांडलेला पलंग मात्र यातून निसटतो. तरीही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 ने वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि मानक यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. या हक्काला धरून शहरातील फर्निचर विक्रेत्यांनी प्रत्येक पलंगावरील चिठ्ठीत आणि बिलात गादीच्या मापाशेजारी पलंगाचे बाहेरचे पूर्ण माप, सर्वांत मोठ्या सुट्या भागाचे माप आणि लाकडाचे किंवा बोर्डाचे नेमके नाव लिहावे. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही, विक्रेत्यांनी आपसांत ठरवले तरी पुरे. ज्यांना ही माहिती नाकारली जाईल, त्यांनी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

आमच्या मजल्यावरील दोन घरे या दिवाळीत पलंग घेणार आहेत. त्यांच्यासाठी मी आमच्या पलंगाची बाहेरची मापे, लिफ्टच्या दाराची रुंदी आणि जिन्याच्या वळणाची जागा एका कागदावर आराखड्यासह काढून इमारतीच्या सूचनाफलकावर लावली आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त आराखडाकार,
इंदिरानगर, नाशिक