एअर लॉचा पेपर आणि दोन पेन्सिली

प्रिय सई,

निकालाचा मेसेज मिळाला. वैमानिकाच्या परीक्षेतले बाकीचे पेपर सुटले आणि एअर लॉ, म्हणजे उड्डाणाच्या नियम-कायद्यांचा, तेवढा दोन प्रश्नांनी राहिला, याचं वाईट वाटणारच. पण पुढे जे लिहिलंस, "त्यात समजण्यासारखं काही नाही गं आई, नुसतं पाठांतर आहे," तिथेच माझ्या मते पेपर गेला. तुझ्या आईने २७ वर्षं विमानतळाच्या टॉवरमध्ये कंट्रोलर म्हणून बसून त्याच पाठांतरावर पगार घेतलाय, त्यामुळे मला ते जरा लागलंही. असो.

क्वेश्चन बँक तू तीनदा सोडवलीस म्हणतेस. तिसऱ्या खेपेला प्रश्न पुरता वाचायच्या आधीच उत्तर आठवायला लागतं, आणि आपल्याला वाटतं तयारी झाली. मग परीक्षेत कुणीतरी एक शब्द बदलतो. तूच सांगितलंस ना, लुकलुकत्या हिरव्या दिव्याच्या प्रश्नाला "उतरण्यासाठी परत या" हे उत्तर दिलंस म्हणून? अगं, त्या प्रश्नातलं विमान जमिनीवर उभं होतं! उभ्या विमानाला तू उतरायला परत बोलावलंस. मी एकटीच हसले, रागावू नकोस.

रेडिओवर बोलता येत नसेल तेव्हा टॉवरमधून विमानाला दाखवतात त्या दिव्यांपासूनच सुरुवात करू. पुस्तकात त्यांचा तक्ता असतो, हवेतल्या विमानासाठी एक रकाना आणि जमिनीवरच्यासाठी दुसरा. सगळे तो आडवा-उभा घोकतात. तू असं बघ. स्थिर हिरवा म्हणजे "कर": हवेत असशील तर उतर, जमिनीवर असशील तर उड्डाण कर. लुकलुकता हिरवा म्हणजे "पुढे ये, पण अजून ते नाही": हवेत असशील तर उतरण्यासाठी परत ये, जमिनीवर असशील तर टॅक्सी कर, म्हणजे जमिनीवरूनच विमान पुढे ने. स्थिर लाल म्हणजे "थांब". हवेत थांबता येत नाही, म्हणून तिथे त्याचा अर्थ दुसऱ्याला वाट दे आणि घिरट्या घालत राहा. लुकलुकता लाल म्हणजे "इथे नको": हवेत असशील तर विमानतळ असुरक्षित आहे, उतरू नकोस, जमिनीवर असशील तर वापरात असलेल्या लँडिंगच्या जागेतून बाहेर हो. लुकलुकता पांढरा म्हणजे जागेवर जा: जमिनीवर असशील तर जिथून निघालीस तिथे परत, हवेत असशील तर या विमानतळावर उतरून एप्रनकडे, म्हणजे विमानं उभी करतात तिथे. झाला तक्ता.

हा दिवा मी खरोखर वापरलाय. आमच्या टॉवरमध्ये तो छताला टांगलेला असायचा आणि त्याच्यावर बहुतेक वेळ धूळच बसायची. एका दुपारी एका छोट्या प्रशिक्षण विमानाचा रेडिओ बंद पडला. ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर, रेडिओ बंद असल्याचा आकडा ७६०० आला, म्हणजे मुलाला नियम आठवत होता. मी दिवा खाली ओढला, त्या ठिपक्यावर धरला आणि हिरवा दाबला. काहीच नाही. हात हलू नये म्हणून कोपर काचेला टेकवलं. मग त्या ठिपक्याचे पंख एकदा डावीकडे कलले, एकदा उजवीकडे. दिवसा "कळलं" म्हणायची रीत तीच. त्याचं माझं एक अक्षरही बोलणं झालं नाही, आणि दोघांनाही समोरचा पुढे काय करणार ते माहीत होतं.

सई, अख्खा एअर लॉ मला असाच दिसतो. एकमेकांना न ओळखणाऱ्या, बऱ्याचदा एकमेकांशी बोलूही न शकणाऱ्या माणसांनी आधीच करून ठेवलेला करार. नियम वाचताना "मी काय करायचं" एवढंच विचारू नकोस. समोरच्याने माझ्याबद्दल काय धरून चाललंय, ते विचार.

आता टेबलावर दोन पेन्सिली घे. टोक म्हणजे नाक. एक स्वतःसमोर सरळ ठेव, ती तू. दुसरी तुझ्या उजवीकडून, तुझ्या वाटेला छेदेल अशी तिरकी ठेव. जवळपास एकाच उंचीवर वाटा मिळत असतील, तर ज्याच्या उजवीकडे दुसरं विमान आहे त्याने वाट द्यायची, हे तुला पाठ आहे. पण रात्र आहे असं समज. त्या विमानाची कोणती बाजू तुझ्याकडे आहे? डावी. डाव्या पंखाला कोणता दिवा? लाल. आणि त्याला तुझा कोणता दिसतोय? हिरवा. ज्याने वाट द्यायची त्याला लाल, ज्याने सरळ जायचं त्याला हिरवा. दिव्यांचे कोनही, लाल-हिरव्याला ११०-११० अंश आणि शेपटीच्या पांढऱ्याला १४०, बेरीज करून ३६० होतात हे एकदा बघितलंस की ते विसरायला होत नाही. समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचं. ओव्हरटेक करताना मागच्यानेच उजवीकडून बाजूला व्हायचं, कारण पुढच्याला तो दिसतच नसतो.

काही भाग मात्र घोकावाच लागेल, तिथे माझं तत्त्वज्ञान चालणार नाही. शिकागो करार ७ डिसेंबर १९४४चा, लागू झाला ४ एप्रिल १९४७ला. आयसीएओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची, ॲनेक्स (त्या कराराची परिशिष्टं) १९, आणि त्यातली पहिली लायसन्सची, दुसरी रूल्स ऑफ द एअर, सहावी ऑपरेशन्स, अकरावी एअर ट्रॅफिक सर्व्हिसेस, तेरावी अपघात तपासाची. करारांची शहरं सगळेच गोंधळवतात. विमानात कुणी धिंगाणा घातला आणि कमांडरच्या अधिकारांचा प्रश्न आला की टोकियो, १९६३. अपहरण म्हटलं की हेग, १९७०. घातपात म्हटलं की माँट्रियल, १९७१. प्रवाशाच्या नुकसानभरपाईचा प्रश्न असेल तर वॉर्सा, १९२९, आणि नंतरचं दुसरं माँट्रियल, १९९९. दोन माँट्रियलमध्ये पाय घसरतो, म्हणून साल बघितल्याशिवाय खूण करू नकोस.

आणि ॲनेक्स वाचताना "शॅल" व "शुड" यांवर पेन्सिल फिरवत जा. "शॅल" आलं की ते स्टँडर्ड, "शुड" आलं की रेकमेंडेड प्रॅक्टिस. स्टँडर्ड पाळणं एखाद्या देशाला जमत नसेल, तर कलम ३८ प्रमाणे तो फरक आयसीएओला कळवावा लागतो. प्रश्न काढणाऱ्यांना हे फार आवडतं.

एका नियमाबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण तो माझ्या बाजूच्या माणसांना जड गेलेला नियम आहे. टीकासचा, म्हणजे विमानातल्या टक्कर टाळणाऱ्या यंत्राचा, आरए ("वर जा" किंवा "खाली जा" असा आदेश) आला आणि कंट्रोलरने नेमकं उलटं सांगितलं, तर काय करायचं? उत्तर तुला येतं: आरए पाळायचा. १ जुलै २००२च्या रात्री, जर्मनीतल्या उबरलिंगनच्या आकाशात, हे सगळ्यांना इतकं स्पष्ट नव्हतं. कंट्रोलर एकटा दोन जागा सांभाळत होता. त्याने एका विमानाला खाली यायला सांगितलं. त्याच विमानातलं टीकास वर जायला सांगत होतं. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. दुसऱ्या विमानाने यंत्राचं ऐकलं, आणि ते यंत्र त्याला खालीच पाठवत होतं. ७१ माणसं गेली. नियमात त्यानंतर संदिग्धता उरली नाही. आरएची खबर वैमानिकाने दिली की कंट्रोलरने त्या विमानाचा मार्ग बदलायला जायचं नाही, "क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट" येईपर्यंत. स्क्रीनवर दोन ठिपके जवळ येताना दिसतात आणि तोंड बंद ठेवायचं! माझ्या नोकरीत हे एकदाच झालं, जेमतेम अर्धा मिनिट. तेवढ्या वेळात हातातल्या बॉलपेनचं टोपण मी चावून चपटं केलं होतं. पलीकडचा वैमानिक आरए पाळणार हे मी धरून चालले होते, आणि त्याने तो पाळला.

आता वेळापत्रक. पहिले दहा दिवस क्वेश्चन बँक बंद. ॲनेक्स २ मूळ वाच, एकदा भरभर आणि एकदा हळू. एअरस्पेसचे ए ते जी हे वर्ग स्वतःच्या हाताने काढ, छापील तक्ता चिकटवू नकोस. व्हीएमसीचे, म्हणजे बाहेर बघून उडायला किती लांबचं दिसायला हवं त्याचे, आकडे त्यावरच लिही: १०,००० फुटांपासून वर ८ किलोमीटर, खाली ५. शोध-बचावाचे तीन टप्पे, इन्सर्फा (अनिश्चितता), अलर्फा (सावधगिरी), डिट्रेस्फा (संकट), एका बैठकीत होतील. मग क्वेश्चन बँक उघड, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाशेजारी कुठला शब्द वाचायचा राहिला तेवढंच लिही. "एक्सेप्ट" ("वगळता" या अर्थाचा) आणि "नॉट" किती वेळा निघतात बघ. फी पुन्हा भरायची आहे तर उद्याच भर, तारीख लांब घेऊ नकोस.

रविवारी फोन करशील तेव्हा पेन्सिली जवळ ठेव. प्रश्न आत्ताच देऊन ठेवते: रात्र आहे, तुझ्या उजवीकडे एक विमान आहे आणि त्याचा फक्त हिरवा दिवा तुला दिसतोय. तुमच्या वाटा मिळणार आहेत का? पर्याय देणार नाही.

तुझी
आई