अंथरूणतज्ज्ञास पत्र

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार, वि. वि. आठ महिने पत्र नाही, त्याबद्दल हवे तेवढे रागाव. आम्ही सारे ठीक, गुडघा तसाच. आज लिहितो आहे ते 19 वर्षांच्या एका मुलीमुळे आणि वॉर्ड नऊमधल्या आपल्या भांडणामुळे.

फुफ्फुसाचा क्षय, एकेटी, म्हणजे क्षयाची औषधे, सुरू होऊन पाच आठवडे, वजन 31 किलो. जेवली की तासाभरात हिरवी उलटी. लिव्हरच्या तपासण्या स्वच्छ असतानाही तीन आठवडे मी दोष गोळ्यांनाच दिला. तिची आई दर खेपेला सांगे, "डॉक्टर, पालथी पडली की पोरीला बरं वाटतं," आणि मी ते कानाआड करत होतो. उलटी होणारा रुग्ण निजतो कसा हे आधी विचारावे, असे वॉर्ड नऊमध्ये तू भांडून म्हणायचास, तेव्हा मी तुला 'अंथरूणतज्ज्ञ' म्हणायचो आणि सारे हॉस्टेल हसायचे. परवा रात्री दोन वाजता ते आठवले आणि मी उठून बसलो.

ड्युओडेनमचाच, म्हणजे जठरापुढच्या लहान आतड्याच्या पहिल्या भागाचा, क्षय किंवा गाठींचा दाब असेल असे वाटले होते. सीटीत गाठी नाहीत, दुर्बिणीतून घेतलेला तुकडाही निर्दोष. महाधमनी आणि तिच्यातून फुटणारी वरची आंत्रधमनी यांच्यातला कोन, जो एरवी 38 ते 65 अंशांचा असतो, तो 16 वर आलेला, आणि अंतर 5 मिलिमीटर. तिथली चरबीची गादी क्षयाने खाल्ली आणि ड्युओडेनमचा तिसरा भाग अडकित्त्यातल्या सुपारीसारखा सापडला. सर्जन विल्कीने 1927 साली असे 75 रुग्ण मांडले. माझ्या ओपीडीत इतक्या वर्षांत मी एकही ओळखला नाही. किती जणांना नुसती उलटीची गोळी देऊन घरी पाठवले असेल, हा विचार झोपू देत नाही.

आहाराची नळी अडथळ्यापलीकडे जेजुनममध्ये, म्हणजे आतड्याच्या पुढच्या भागात, नेली आहे. रक्तातले फॉस्फरस, पोटॅशियम रोज पाहून आहार हळूहळू वाढवतो, डाव्या कुशीवर निजवतो. नऊ दिवसांत सव्वा किलो वजन वाढले. इथले सर्जन ड्युओडेनोजेजुनोस्टॉमीची, म्हणजे अडथळा टाळून ड्युओडेनम जेजुनमला जोडण्याच्या शस्त्रक्रियेची, घाई करतात. मला वाटते, चरबी परतली तर कोन आपोआप उघडेल. पण उलटीतून औषध जाते, औषध लागले नाही की वजन घटते, वजन घटले की कोन आणखी मिटतो; नळी निसटली तर हेच पुन्हा सुरू होईल. तू किती आठवडे थांबला असतास?

वहिनींची बदली रद्द झाल्याचे कळले, आनंद झाला. चिरंजीवांना बारावीबद्दल शाबासकी.

सीटीची चित्रे सोबत आहेत. लवकर कळव.

तुझा,
विनायक

ता. क. तोंडाने पेज कधी द्यायची, असे तिची आई रोज विचारते. तिला काय सांगू?