खेळातली गोष्ट पीडीएफमध्ये मावत नाही

संपादक महोदय,

कथाप्रधान व्हिडिओ गेमकडे आमच्या डिझाइनच्या अभ्यासक्रमात अजूनही ‘चित्रं छान आहेत’ एवढ्याच नजरेनं पाहिलं जातं. खरं कसब असतं ते खेळणाऱ्याच्या हाताला काय करायला लावलंय, यात. ‘व्हॉट रिमेन्स ऑफ ईडिथ फिंच’ (२०१७) या गेममध्ये मासळीच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका तरुणाचा प्रसंग आहे. एका हातानं एकेक मासा पात्याखाली सरकवायचा, दुसऱ्या हातानं त्याच्या मनातल्या राज्यातून वाट काढायची. हळूहळू ते राज्य सगळा पडदा व्यापतं. मासे कापणारा हात मात्र सवयीनं चालूच राहतो. त्याचं मन कामावरून कसं उडत गेलं हे कुणी सांगावं लागत नाही, आपल्या बोटांना ते कळलेलं असतं! ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) तर नुसती कागदपत्रं तपासून शिक्के मारण्यातून माणसाची नैतिक कोंडी उभी करतो.

आम्ही असं काही करून पाहिलं, की ते जमा करायचं पीडीएफमध्ये. निवडीनुसार बदलणारी गोष्ट चार स्क्रीनशॉटमधून कशी दिसणार? ट्वाइनसारख्या, अशाच गोष्टी रचायच्या मोफत साधनात केलेली गोष्ट साध्या ब्राउझरमध्ये उघडते, त्यामुळे खेळून बघायला यंत्रसामग्री नाही, ही सबब पटत नाही. परीक्षकांनी आमचं काम स्वतः खेळून बघावं, वेगवेगळे पर्याय निवडून दोनदा तरी, आणि मगच गुण द्यावेत.

– डिझाइन शाखेची एक विद्यार्थिनी