पिवळं पत्रक अन् तुझा मेसेज

प्रिय दोस्ता,

परवा रात्री तुझा मेसेज आला, "भरसभेत भाऊंना असं विचारायला नको होतं, माणूस आहे, बदलतो". एवढं लिहून तू झोपून गेला असशील पण मला काही झोप लागली नाही. फोन केला असता तर आपलं भांडण झालं असतं म्हणून लिहायलाच बसलो. पत्र लांबणार आहे, दुकान बंद केल्यावर निवांत वाच. इकडे कापसाची शेवटची वेचणी चालू आहे, मजूर मिळत नाही म्हणून घरचेच सगळे वावरात जाऊन राहिले, मी पण दिवसभर तिथंच होतो, आता हात धुऊन बसलोय.

तू जी क्लिप पाहिली ना ती फार तर चाळीस सेकंदाची आहे, माझा आवाज चढल्यापासून सुरू होते अन् त्यांच्या माणसानं माईक ओढला तिथं संपते. त्याच्या आधी काय झालं अन् नंतर काय झालं ते त्यात नाही. ते सांगतो.

भाऊंच्या प्रचाराची सभा मारुतीच्या पारावर होती. टाइम सातचा दिलेला, भाऊ आले सव्वानऊला, अन् दहाला माईक बंद करावा लागतो हे सगळ्यांना माहीत, म्हणजे प्रश्नाला वेळच राहू नये असं गणित. बायाबापड्या स्वयंपाक टाकून येऊन बसलेल्या. भाऊ बोलायला उभे राहिले अन् दुसऱ्याच वाक्यात म्हणाले, "नार-पार-गिरणा नदीजोड मंजूर झालं ते माझ्या पंधरा वर्षांच्या लढ्यामुळे". पंधरा वर्षांच्या. हे ऐकलं अन् माझ्या छातीत कसंतरी झालं. कारण त्या पंधरा वर्षांतली पहिली पाच मी त्यांच्यासोबत काढली आहेत अन् तू पण काढली आहेस.

आठवतंय ना २००९? तुझी ती हिरो होंडा, पेट्रोलचे पैसे आपल्याच खिशातले, अन् आपण गिरणाकाठची गावं पालथी घातली होती. आपण लोकांना काय सांगायचो? की सुरगाणा-पेठकडच्या डोंगरातलं नार अन् पार नदीचं पाणी पश्चिमेला वाहून समुद्रात जातं, ते वळवून गिरणेत आणता येतं, पण त्याच पाण्यावर पार-तापी-नर्मदा जोड करून ते गुजरातला न्यायचं घाटतंय, अन् आपले भाऊ त्यातला एक थेंब जाऊ देणार नाहीत. लोक ऐकायचे रे. कारण गिरणेचं दुखणं काठावरच्या प्रत्येकाला माहीत आहे. साडेअठरा टीएमसीचं धरण, १९६९ पासून उभं, पण वर चणकापूर, हरणबारी, केळझर, पुनद ही सगळी आधी भरणार अन् मग आपल्याला मिळणार. किती वर्षं ते अर्धंसुद्धा भरलं नाही. धरणातून पिण्याचं पाणी सुटेपर्यंत आपल्या आया नदीच्या वाळूत झिरा खणून बसलेल्या आपण पाहिल्या आहेत. म्हणून लोकांनी भाऊंना मत दिलं, अन् खरं सांगायचं तर भाऊंना ओळखत कोण होतं तेव्हा, लोकांनी तुझ्या-माझ्या शब्दावर मत दिलं.

मग २०१४ ला भाऊंनी पक्ष बदलला. तेव्हाचं पत्रक तू विसरला असशील, मी नाही विसरलो. त्यात लिहिलं होतं की नदीजोड हा राष्ट्रहिताचा कार्यक्रम आहे, त्याला विरोध म्हणजे विकासाला विरोध. नार-पारचं नाव नाही, थेंबाचं नाव नाही. अन् आपण काय केलं? आपण तरी गेलो प्रचाराला. कोणी नार-पारचा विषय काढला की आपण रस्त्यावर, ट्रान्सफॉर्मरवर बोलायला लागायचो. हे मी कबूल करतो, मला त्याची लाज वाटते, अन् सभेत उभं राहण्याचं अर्धं कारण तेच होतं. २०१९ ला तिसरं चिन्ह. तेव्हा पाण्याबद्दल काय बोलले ते मला नीट आठवत नाही कारण मी तोपर्यंत बाजूला झालो होतो. अन् आता २०२४, ऑगस्टमध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं नार-पार-गिरणाला मंजुरी दिली, सात हजार कोटींच्या वरचा आकडा आहे, अन् नोव्हेंबरात भाऊ पारावर उभे राहून म्हणतात, माझा लढा.

तू लिहिलंस माणूस बदलतो. बदलतो ना, मी कुठं नाही म्हणतो. मी २००९ ला ठिबकला नावं ठेवायचो, कंपन्यांचा धंदा म्हणायचो, आप्पांशी त्यावरून किती वाजलं होतं. मग २०१२-१३ चा दुष्काळ आला, विहीर तळाला गेली, अन् पुढच्या हंगामात मीच नळ्या अंथरल्या. पण मी पारावर बसून चार लोकांना सांगितलं होतं की बाबांनो माझं चुकत होतं, विहिरीनं मला शिकवलं. ज्यांनी माझं ऐकून ठिबक लावलं नव्हतं त्यांच्या घरी गेलो होतो. एवढंच करायचं असतं रे, त्यात काय कमीपणा आहे?

अन् मोठ्यांचं तू मला सांगूच नको. पवार साहेबांचं काँग्रेस फोडून केलेलं १९७८ चं पुलोद सरकार, मग १९८६ ला परत काँग्रेस, १९९९ ला विदेशी मुळाच्या मुद्द्यावर बाहेर अन् त्याच वर्षी त्याच काँग्रेससोबत सरकार, हे सगळं महाराष्ट्रानं पाहिलंय. शिवसेना-भाजप युतीनं पण १९९५ ला एन्रॉनचा वीज प्रकल्प अरबी समुद्रात बुडवू म्हणून मतं घेतली अन् पुढच्याच वर्षी नवा करार करून तोच प्रकल्प चालू केला. म्हणजे ह्या पक्षाचं झाकावं अन् त्या पक्षाचं काढावं असं माझं काही नाही. पण तिथं निदान पेपरवाले होते, विधानसभा होती, विचारणारे होते, लिहून ठेवणारे होते. आपल्या तालुक्यात भाऊंना कोण विचारणार? पक्षांतराचा कायदा १९८५ चा, २००३ ला अजून कडक केला, पण तो निवडून आलेल्या आमदार-खासदारांसाठी. निवडणुकीच्या तोंडावर राजीनामा देऊन, दुसरा गमचा गळ्यात घालून जो उभा राहतो त्याला तो कायदा लागत नाही. उमेदवाराच्या शपथपत्रात घरात सोनं किती तोळे ते लिहावं लागतं, गुन्हे लिहावे लागतात, कर्ज लिहावं लागतं, मागच्या खेपेला लोकांना काय सांगितलं होतं ते लिहायला रकाना नाही. तो रकाना आपणच भरायचा, दुसरं कोण आहे?

आता सभेचं सांगतो. मी उभा राहिलो तेव्हा आवाज अजिबात चढवला नव्हता. आप्पा गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी उघडली होती ना, त्यात सातबारे, सोसायटीच्या पावत्या, अन् त्याच्या खाली २००९ अन् २०१४ ची दोन्ही पत्रकं घडी करून ठेवलेली निघाली. त्यांनी का ठेवली देव जाणे. २००९ चं पार पिवळं पडलंय, घडीवर फाटलंय, मी मागून सेलोटेप लावली. कपाशीच्या बियाण्याच्या पिशवीत घालून नेलं होतं. तू म्हणशील खोटं पत्रक कोणीही छापेल, तर खाली मुद्रक, प्रकाशक, प्रती किती सगळं छापलेलं आहे, मुद्रक-प्रकाशकाचं नाव तर कायद्यानं छापावंच लागतं.

मी विचारलं, "भाऊ, पक्ष का बदलला ते मी विचारत नाही. २००९ च्या कागदात तुम्ही म्हणता थेंब जाऊ देणार नाही, २०१४ च्या कागदात म्हणता नदीजोडला विरोध करणारा विकासविरोधी. ह्या दोन कागदांच्या मधे तुम्हाला अशी कोणती माहिती मिळाली की तुमचं मत फिरलं, ती आम्हाला पण सांगा." मुद्दाम असं विचारलं. पक्ष का बदलला विचारलं की "मतदारसंघाच्या विकासासाठी" हे उत्तर तयारच असतं.

ते म्हणाले, "ती त्या वेळच्या पक्षाची भूमिका होती."

मी म्हटलं, "मग तुमची स्वतःची कोणती?"

तिथं ते थांबले. पारावर इतकी शांतता की मारुतीच्या देवळातल्या ट्यूबलाइटचा घुरघुर आवाज येत होता. त्यांनी हात पुढं केला, मी पत्रक दिलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते डोळ्याजवळ धरलं. वर त्यांचा फोटो होता, काळेभोर केस, मिशी, पंधरा वर्षांपूर्वीचा. बराच वेळ बघत राहिले. अन् माईक बाजूला करून मला हळूच म्हणाले, "हे अजून जपून ठेवलंय तुम्ही?" त्या वेळी मला त्यांचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी एवढं जरी म्हटलं असतं की २०१० मध्ये पार-तापी-नर्मदासाठी केंद्र अन् दोन्ही राज्यांचा सामंजस्य करार झाला, मला वाटलं आता विरोध करून हाती काही लागत नाही, त्यापेक्षा बदल्यात गिरणेसाठी काही पदरात पाडून घ्यावं, म्हणून मी गप्प बसलो, तर मी तिथंच खाली बसलो असतो. पटलं नसतं तरी बसलो असतो. २०२२ च्या केंद्राच्या बजेटमध्ये पार-तापी-नर्मदाचं नाव आलं तेव्हा डांग-धरमपूरकडचे आदिवासी रस्त्यावर उतरले अन् गुजरातच्या मुख्यमंत्र्यांनी त्याच वर्षी मे महिन्यात प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं, तू सुरतलाच होतास, पाहिलं असशील. तेव्हा आपल्याकडून भाऊ कुठं होते? तो माझा पुढचा प्रश्न होता, तो विचारेपर्यंत त्यांच्या माणसानं माईक ओढला, "विरोधकांनी पाठवलेली माणसं आहेत" म्हणून ओरडायला लागला, अन् मग माझा आवाज चढला. विरोधकांनी पाठवलेला? मी? ज्यानं त्यांच्यासाठी दोन निवडणुका पायाला भिंगरी लावली? तुझी क्लिप तिथून सुरू होते बघ.

नंतर गाडीत बसताना भाऊंनी खांद्यावर हात ठेवला, म्हणाले बंगल्यावर या एकदा, बसून बोलू. मी नाही म्हटलं. मला उत्तर माझ्या एकट्यासाठी नको होतं, पारावर बसलेल्यांसाठी हवं होतं.

अन् दोस्ता, तुला हे का लिहून राहिलो ते आता सांगतो. सभेच्या दोन दिवस आधी आपल्या गल्लीतले म्हातारे बाबा, ज्यांच्या ओट्यावर आपण २००९ ला चहा प्यायलो होतो अन् ज्यांच्या घरातली सातही मतं आपण मोजून घेतली होती, त्यांनी मला थांबवलं. काठी टेकून उभे राहिले अन् म्हणाले, "तू तं सांगेल व्हतं ना रे भो, नार-पारनं पानी आपलं शे म्हनीसन. मंग आते?" त्यांनी भाऊंचं नाव नाही घेतलं. तू सांगितलं होतं म्हणाले. भाऊंची चिन्हं तीन झाली, गाड्या बदलल्या, माणसं बदलली, ते कुठंही जाऊन उभे राहू शकतात. मला त्याच गल्लीतून रोज सकाळी वावरात जावं लागतं. त्यांनी शब्द फिरवला पण तो घरोघर वाटला होता आपण, अन् हिशोब लोक आपल्यालाच मागतात. तू सुरतला गेलास म्हणून तुला कोणी अडवत नाही, इथं असतास तर तुलाही विचारलं असतं. म्हणून तुझा "नको होतं" वाचून इतकं लागलं. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं.

निकाल काय लागला ते तुला माहीत आहे, त्याच्याबद्दल मला काही लिहायचं नाही. जो कोणी असेल त्याला आता नार-पारचं विचारायचंच आहे, मंजुरीचा कागद अन् पाणी ह्यात किती वर्षं जातात ते आपण गिरणेवरच्या सात बलून (रबरी) बंधाऱ्यांवरून शिकलोय, मेहुणबाऱ्यापासून कानळद्यापर्यंत नुसती नावंच ऐकतोय अजून.

तुझ्याकडून एक काम हवं आहे. २०१९ चं पत्रक माझ्याकडे नाही. त्या वर्षी तू दिवाळीला गावी होतास, तुझ्या घराच्या पुढच्या खोलीत, टीव्हीच्या मागच्या कपाटात तुझ्या आईनं पेपरांच्या गठ्ठ्यात टाकलेलं मी पाहिल्यासारखं वाटतं. त्यांना फोन करून सांग, मी उद्या-परवा जाऊन शोधतो, नाहीतर रद्दीत जाईल. अन् तुझ्या जुन्या मोबाइलमध्ये २००९ च्या सभेचे फोटो असतील, आपण दोघं स्टेजच्या मागं उभे आहोत तो पण असेल, तर तो पाठव. मला तो म्हाताऱ्या बाबांना दाखवायचा आहे.

संक्रांतीच्या आत आलास तर वांगी अजून चांगली आहेत, वावरात तुराट्यांवर भाजू, भरीत अन् कळण्याच्या पुऱ्या करू. भांडायचं असेल तर तेव्हा भांड, मी ऐकून घेईन.

वहिनींना नमस्कार, पोराला आशीर्वाद.

तुझाच,
गिरणाकाठचा दोस्त