मुक्ताच्या नव्या चष्म्याबद्दल

रामबाग, इंदूर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या पिवळ्या काचांच्या चष्म्याचा फोटो पाहिला. परदेशात शिकाऱ्यांसाठी विकतात तसला आहे. मामा म्हणाला, "पोर शिकारीला निघाली की काय?" 1972 च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे शिकारीवर बंदी आहे, हे त्यालाही माहीत आहे, पण थट्टा सोडवत नाही. पण तो बोलला त्यात तथ्य आहे. तो चष्मा उघड्यावर, मावळतीला, हलत्या सावजाच्या मागे असणाऱ्या माणसासाठी आहे. तू हॉलमध्ये दिव्याखाली उभी राहून दहा मीटरवरच्या काळ्या वर्तुळावर पिस्तुलाने नेम धरतेस. पिवळी काच उजेड वाढवत नाही, निळा भाग गाळते. ढगाळ हवेत त्याने कडा जरा उठून दिसतात. पांढऱ्यावरचं काळं मुळातच उठून दिसतं. तुझी ट्रॅपवाली, म्हणजे उडत्या तबकड्यांवर बंदूक चालवणारी मैत्रीण असले रंग घेईल तर ठीक आहे. तिला आकाशात नारिंगी तबकडी शोधायची असते. फुटलेल्या तबकडीचे तुकडेही उडतात, म्हणून तिला दोन्ही डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटची मजबूत काच हवीच.

शिवाय ती फ्रेम कानशिलापर्यंत वळलेली आहे. उजव्या डोळ्याला मायनस 2.75 आणि वर सिलिंडर, म्हणजे तिरकस नंबर, असा तुझा नंबर. एवढ्या वळणात काच नजरेला तिरपी बसते आणि तपासणीत अचूक निघालेला नंबरही डोळ्यापाशी बदलतो. तू आडवी उभी राहून मान वळवतेस, म्हणजे साध्या चष्म्यातसुद्धा तुझी नजर काचेच्या मधून जात नाही, कानाकडच्या भागातून जाते. नेमबाजीच्या खास फ्रेममध्ये एकच गोल काच असते आणि ती सरकवून, फिरवून नजरेसमोर काटकोनात आणता येते. पैसे त्या सोयीचे आहेत, दिसण्याचे नाहीत.

आता मुख्य गोष्ट. डोळ्यांचा डॉक्टर दूरचा नंबर काढतो तो सहा मीटरवरचा तक्ता वाचायला लावून. तुला स्वच्छ काय दिसायला हवं? टार्गेट नव्हे, फ्रंट साइट, म्हणजे पिस्तुलाच्या पुढच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट. मागची खाच, पुढची साइट आणि टार्गेट, तिन्ही एकदम स्वच्छ दिसणं कुठल्याच डोळ्याला जमत नाही. साइट स्वच्छ आणि काळं वर्तुळ किंचित धूसर, असंच चालतं. तुझे सरही हेच सांगत असणार. हात ताणला की फ्रंट साइट डोळ्यापासून साधारण मीटरभर. पूर्ण दूरच्या नंबरातून ती बघायला डोळ्याला जवळजवळ एक डायॉप्टर, म्हणजे चष्म्याच्या एका नंबराएवढा, जोर लावावा लागतो. तुझ्या वयात तो सहज लागतो, पण 75 मिनिटांत 60 शॉट मारताना शेवटच्या वीसात साइट फुटल्यासारखी दिसते, असं तू म्हणालीस, त्याचं एक कारण हे असू शकतं. म्हणून तपासणीच्या चौकटीत आधी प्लस 0.25, मग 0.50 घालून बघायचं. पूर्ण एक घातलं तर वर्तुळ फार विरघळेल. 0.50 जमलं तर नेमबाजीची काच मायनस 2.25 ची होईल. तो चष्मा रस्त्यावर घालायचा नाही, स्कूटीवर तर नाहीच.

पिस्तूल आपल्या चष्म्याच्या दुकानात आणू नकोस, गिऱ्हाईक बिचकेल. रेंजवर कुणाला तरी टेप धरायला सांग, डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंत मोजून आण. सरावाआधी एकदा आणि थकल्यावर एकदा मोज, कारण थकल्यावर मान पुढे येते.

पॅरिस ऑलिंपिकला 2024 मध्ये तुर्कीचा पिस्तूल नेमबाज युसुफ डिकेच याने रोजचा चष्मा घालून मिश्र सांघिक प्रकारात रौप्य पटकावलं, मग खास फ्रेम कशाला, हे तू विचारणारच. पण तो चष्मा त्याच्या नंबराचा होता आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून मारायची त्याची जुनी सवय. तुला ते जमत असेल तर माझे पैसे वाचतील, माझी काही हरकत नाही.

आई शेव पाठवते आहे. मैत्रिणींना दे, सगळी एकटीने संपवू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. डावा डोळा मिटून धरू नकोस, पापणी आवळली की उजवाही थकतो. समोर पडदी लाव, पण काळी नको. काळ्याआड बाहुली मोठी होते आणि दुसरीही तिच्यामागे जाते. दुधी प्लास्टिक घे. नियमात रुंदी 30 मिलिमीटरपर्यंतच चालते, मोजूनच काप.