आधी जागा, मग कीटक

प्रिय मीना,

सप्रेम नमस्कार.

सातवीला कीटकांचा धडा घ्यायचाय, सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. सहा पाय आणि डोकं, वक्ष, उदर हे सगळं फळ्यावर चटकन उरकून टाक. खरी गंमत पुढे आहे, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

माझं ऐकशील तर मुलांना आधी कीटक दाखवूच नकोस. जागा दाखव. भिंतीच्या कडेला, पाऊस पोचत नाही अशी कोरडी भुसभुशीत माती शोध. तिथे नरसाळ्यासारखे छोटे गोल खड्डे दिसतील. मुलांना खाली वाकून बघू दे आणि विचार, इथे कोण राहू शकेल? त्याचं पोट कसं भरेल? पाच मिनिटं कोणी उत्तर सांगायचं नाही.

मग एखादी मुंगी कडेवरून घसरते. ती वर चढू बघते, तर पायाखालची माती ढासळते आणि तेवढ्यात तळातून मातीचा फवारा येतो. तिथे मुंगीसिंह नावाच्या कीटकाची अळी दडून बसलेली असते. डोक्याने माती उडवून ती मुंगीला खाली पाडते, विळ्यासारखे जबडे रुतवते आणि आतला रस शोषून घेते. चमच्याने अळी हलकेच उचलून बशीतल्या मातीवर ठेव. ती उलटी, मागे मागे सरकत आत शिरते. अंगावरचे राठ केस पुढच्या दिशेला वळलेले असतात, म्हणून मोठी मुंगी ओढू लागली तरी ती मातीतून उपटली जात नाही. आता विचार, हिला दगडी फरशीवर सोडली तर काय होईल? ‘अधिवास’, म्हणजे जिवाची राहण्याची जागा, आणि ‘अनुकूलन’, म्हणजे त्या जागेला साजेसं शरीर नि सवयी, हे शब्द त्यानंतर फळ्यावर लिही, पाठ करून घ्यावे लागणार नाहीत. अळी मात्र होती तिथेच परत सोडायची. कीटक मारून टाचणीला टोचणं या वयाच्या मुलांना शिकवूच नये, असं माझं ठाम मत आहे.

त्याला जोडून चतुराची गोष्ट सांग. तोच जीव लहानपणी पाण्यात राहतो, तिथे त्याचे कल्ले आतड्याच्या शेवटच्या भागात असतात आणि खालचा ओठ झटकन पुढे फेकून तो भक्ष्य पकडतो. मोठा झाला की पंख फुटून हवेत शिकार करतो. एकाच आयुष्यात दोन घरं, आणि दोन्हींसाठी शरीर वेगळं.

एका गोष्टीला मात्र भरपूर वेळ दे. मुलं हमखास म्हणतात, ‘लपायचं होतं म्हणून किड्याने रंग बदलला.’ एकट्या किड्याने ठरवून हे होत नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या होतं, आणि नुसतं सांगून मुलांना पटत नाही. हिरव्या आणि तपकिरी काड्या सारख्या संख्येने गवतात विखुरून टाक. मुलं पक्षी. थोड्या वेळात दिसतील तेवढ्या काड्या वेचायच्या. उरलेल्या प्रत्येक काडीमागे त्याच रंगाची एक नवी काडी टाक, आणि पुन्हा वेचायला लाव. दोन-तीन फेऱ्यांत गवत हिरव्या काड्यांनी भरतं, आणि एकाही काडीने रंग बदललेला नसतो! मग इंग्लंडमधल्या ठिपकेदार पतंगाबद्दल सांग. मँचेस्टरमध्ये त्याच्या काळ्या रूपाची नोंद 1848 साली झाली. कारखान्यांच्या काजळीने झाडांची खोडं काळवंडली, फिकट पतंग पक्ष्यांच्या नजरेत भरू लागले, आणि 1895 पर्यंत तिथले सुमारे 98 टक्के पतंग काळे होते. पुढे हवा स्वच्छ झाली तसे फिकट पतंग पुन्हा वाढले. अधिवास बदलला की कोण टिकणार तेही बदलतं, हे मुलांना इथे आकड्यांतच दिसतं.

मुंगीसिंहाचा तास कोरड्या दिवसांतच घे, ओल्या मातीत खड्डा धरत नाही. आणि मुलांनी काय काय विचारलं ते मला सगळं लिहून पाठव, उत्तरं आली नाहीत ते प्रश्न तर नक्कीच.

तुझीच,
शैला