एमआरआयच्या रात्रीच्या ताईंना

आमची चिंगी डॅशहुंड जातीची कुत्री, वय 6. सोफ्यावरून उतरली आणि मागचे दोन्ही पाय लुळे पडले. सकाळी बघू म्हणत आम्ही अर्धी रात्र घालवली. ती चूक आमचीच. एक्स-रेत हाडं ठीक दिसली. मज्जारज्जू एक्स-रेत दिसतच नाही, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

डॉक्टरांनी चिमट्याने तिच्या मागच्या पायाचं बोट जोरात दाबलं. मला रागच आला. चिंगीने मान वळवून कण्हत बघितलं, तशा त्या म्हणाल्या, "वेदना मेंदूपर्यंत पोचतेय. आशा आहे." एमआरआयला पूर्ण भूल द्यावी लागली, कारण कुत्रं हललं की चित्र बिघडतं. पाठ संपून कंबर सुरू होते तिथली मणक्यांमधली चकती फुटली होती आणि आतला कडक झालेला गर मज्जारज्जूवर दाबत होता. लगेच शस्त्रक्रिया करून त्यांनी तो काढला. डॉक्टरांचे आभार आहेतच.

पण ही चार अक्षरं मदतनीस ताईंसाठी. भूल उतरताना चिंगी थरथरत होती, तर त्या तिला स्वतःच्या स्वेटरमध्ये गुंडाळून फरशीवरच बसून राहिल्या. तिला लघवी आपली आपण होत नव्हती. मूत्राशय हलकेच दाबून कसं रिकामं करायचं, हे त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून तीनदा दाखवलं. मी रडत होते. त्यांना घाई नव्हती. नाव विचारायचं राहूनच गेलं.

पाचव्या आठवड्यात चिंगी उभी राहिली, झोकांड्या खात का होईना. ताई, तुमचा स्वेटर धुऊन ठेवलाय.